खोटी घड्याळे

पलासियातल्या आमच्या घरी टेबलाच्या खणात अकरा घड्याळे आहेत. सगळी 'रोलेक्स', 'ओमेगा', सगळी नकली. लोकांना हा नाद पोरकट वाटतो. वाटो बापडा! खोट्यातही डावे-उजवे करण्यात मला गोडी आहे. तारीखवाल्या अस्सल रोलेक्सवरचे भिंग आकडा अडीचपट मोठा दाखवते. नकलेत तो जेमतेम फुगतो. अस्सलाचा सेकंदकाटा सेकंदाला आठ बारीक पावले टाकत सरकतो, सेलवरच्या नकलेचा टक्‌-टक्‌ उड्या मारतो.

त्यातले एक मी नानांना साठीला दिले होते, अस्सल म्हणून. नानांच्या मनगटावर जन्मभर चावीची 'एचएमटी जनता'. (२०१६ साली एचएमटीची घड्याळ कंपनीही बंद झाली.) त्यांनी ते कानाशी धरले, "बढिया आहे रे," म्हणाले आणि पुढची नऊ वर्षे प्रत्येक लग्नकार्यात मिरवले. ते गेल्यावर आई सहज बोलून गेली, "त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. म्हणाले, पोराला कळू देऊ नकोस."

'जनता'ला मी रोज सकाळी चावी देतो. त्या दुसऱ्याचा सेल संपलाय, बदलवत नाही.