बोलीवरून परदेशी ठरवणारी चौकी



"बांगलादेशी शोधताहेत, त्यात आपलं काय जातं?" असं आपल्याच काही कार्यकर्त्यांच्या तोंडून हल्ली ऐकतो. त्यांच्यासाठीच हे लिहीत आहोत.

बेकायदा राहणाऱ्या परदेशी माणसावर कायद्याने कारवाई व्हावी, याला आमचा विरोध नाही. पण तो परदेशी आहे हे ठरवतं कोण आणि कशावरून? संविधानाच्या सातव्या अनुसूचीत नागरिकत्व हा केंद्राचा विषय, पोलीस राज्याचा. केंद्राने आपले अधिकार राज्यांकडे सोपवले आणि प्रत्यक्षात निवाडा येऊन पोचला नाक्यावरच्या चौकीत. त्यात 1946 च्या इंग्रजी कायद्याने 'मी परदेशी नाही' हे सिद्ध करण्याचं ओझं पकडलेल्या माणसावरच टाकलं होतं. 1 सप्टेंबर 2025 पासून नवा कायदा आला, ओझं मात्र तिथेच राहिलं. संशयाला काही तरी आधार हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये आसामच्या प्रकरणात बजावलंय. चौकीत तो आधार म्हणजे लुंगी, आडनाव आणि बोली.

जून 2025 मध्ये महाराष्ट्रात पकडलेले पश्चिम बंगालचे काही मजूर थेट सीमेपलीकडे ढकलले गेले. त्यांच्या राज्य सरकारने कागद दाखवल्यावर ते परत आले. ज्यांच्यासाठी कुणी धावलं नाही, त्यांचं काय?

अशाच एका गवंड्यासाठी आम्ही चौकीत गेलो होतो. आधार चालत नाही, जन्मदाखला आणा, म्हणाले. घरी सुईणीच्या हातून जन्मलेल्या माणसाने तो आणायचा कुठून? आमच्यातल्या किती जणांच्या आईवडिलांकडे तो आहे, हे आम्ही तिथेच मोजलं. दोघांच्या.

जन्मावरून गुन्हेगार ठरवणं आपल्याला नवं नाही. 1871 च्या कायद्याने पारध्यांसारख्या जमाती आईच्या पोटातूनच संशयित ठरल्या, पोलिसांकडे हजेरी लावत जगल्या. तो कायदा 1952 मध्ये गेला, ठाण्यातली सवय गेली नाही.

आणि बंगाली माणूस आपला कोण, असं विचारणाऱ्यांनी 1946 आठवावं. संविधान सभेत जायला मुंबई प्रांतातून वाट नव्हती, तेव्हा बाबासाहेबांना जोगेंद्रनाथ मंडल आणि सहकाऱ्यांनी बंगालमधून निवडून पाठवलं. मंडल नामशूद्र समाजाचे. फाळणीने त्याच समाजाची घरं पूर्व बंगालात अडकली, लाखो लोक निर्वासित झाले. त्यातली कितीतरी कुटुंबं आज गडचिरोलीत, चामोर्शी आणि मुलचेऱ्याच्या गावांत राहतात. तिथला पोरगा उद्या पुण्यात कामाला आला आणि फोनवर आईशी बंगालीत बोलला, तर?

आमच्या गटाने आता एक ठरवलंय. वस्तीतून किंवा बांधकामावरून कुणालाही उचललं की दोघांनी ठाण्यात जायचं. अटकेचं कारण लेखी मागायचं, स्टेशन डायरीतली नोंद विचारायची, वकील गाठायचा आणि घड्याळ बघायचं. कलम 22 प्रमाणे चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं. शत्रुदेशाच्या नागरिकाला हे संरक्षण नाही, असं साहेब कलम वाचून दाखवतील. तेव्हा विचारायचं, बांगलादेश शत्रुराष्ट्र कधी जाहीर झालं?