लग्न कशामुळं मोडलं?

बालविवाहाविरुद्धच्या शारदा कायद्याला देवलांच्या ‘संगीत शारदा’ नाटकावरून नाव मिळालं, असं मी कित्येक वर्षं छातीठोकपणे सांगत आलो. तालमीत सांगितलं, टपरीवर सांगितलं, आणि माकणीच्या एका शाळेत नववी-दहावीच्या पोरांपुढं माइक धरूनही सांगितलं. वास्तविक तो कायदा मांडला अजमेरच्या हरबिलास सारडांनी. १९२९ साली तो मंजूर झाला आणि लोक त्याला त्यांच्या आडनावानं ओळखू लागले. नाटक १८९९ चं, देवल वारले १९१६ ला. सारडाची शारदा होऊन गेली, आणि नाटकवाल्यांना ती फारच सोयीची होती. माकणीत कुणी मला अडवलं नाही. चूक घरी आल्यावर, पुस्तकं काढून बसलो तेव्हा समजली. पण त्या दिवशीच्या चुकांमध्ये ही सगळ्यात किरकोळ.

आम्ही लातूरची हौशी मंडळी. राज्य नाट्य स्पर्धा संपली की वर्षभर हात शिवशिवत राहतात, म्हणून शाळाशाळांतून जुन्या नाटकांवर बोलायचं ठरवलं. थोडं वाचन, थोडा अभिनय, दोन पदं आणि शेवटी गप्पा. माझ्या सहकाऱ्याला ‘एकच प्याला’ घ्यायचं होतं. मी म्हटलं, लहान पोरांपुढं दारू कशाला? ‘शारदा’ घेऊ. म्हातारा नवरदेव आहे, पोरं हसतील, पदं गोड आहेत, आणि प्रश्नही आता मिटलेला. त्या ‘मिटलेला’ या शब्दावर कुणी हरकत घेतली नाही. मी तर नाहीच.

औसा, किल्लारी करत माकणीला पोचलो. लोहारा तालुक्यातलं हे गाव निम्न तेरणा धरणामुळं सगळ्यांना माहीत आहे. शाळेत स्वागत झालं, नारळ-फेटा झाला आणि मी पहिलंच वाक्य टाकलं, ‘‘शारदा नाटकानं त्या काळच्या समाजात भूकंप घडवला.’’ पोरं बघत राहिली. मागं बसलेल्या वयस्क शिक्षकांनी मान खाली घातली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे सास्तूर, किल्लारी आणि आसपासच्या गावांत काय झालं, हे मी काही परदेशात बसून ऐकलेलं नाही. तरी जीभ घसरली. भाषणांची सवय झाली की आपण कुठं उभे आहोत हेसुद्धा तोंडाला कळत नाही.

पुढं रंगत आली. पाऊणशे वर्षांचा भुजंगनाथ मी केला. कंबरेत वाकून, दात नसल्यासारखं बोलून, मधूनच मिशीवर हात फिरवून. हशा झाला, टाळ्या झाल्या. पेटी होतीच. भद्रेश्वर दीक्षिताची मध्यस्थी, कांचनभटाची हाव, इंदिराकाकूंची तडफड, सगळं भराभर सांगून मी शेवटाला आलो. लग्न लागता लागता मोडतं, शारदा नदीवर जीव द्यायला जाते, कोदंड तिला वाचवतो, दोघांचं लग्न होतं. पडदा.

मग प्रश्न. सिरियलीत काम कसं मिळतं, हा अपेक्षित प्रश्न आधी आला. नंतर नववीतली एक मुलगी उभी राहिली.

‘‘सर, लग्न मोडलं कशामुळं?’’

मी सांगितलं, वधू-वर एकाच गोत्राचे निघाले. सगोत्र विवाह शास्त्राला मान्य नाही.

‘‘मग गोत्र येगळं असतं तर लागलं असतं का?’’

यावर मी बरंच बोललो. शास्त्राच्या नावावर अन्याय करणाऱ्यांना देवलांनी शास्त्रातच कसं अडकवलं, असं काहीतरी. उत्तर तसं वाईट नव्हतं, पण तिच्या प्रश्नाचं नव्हतं.

‘‘पण लागलं असतं ना?’’

‘‘हो.’’

तेवढ्यात मागून एक पोरगा म्हणाला, ‘‘आन् कोदंडासंगं लागलं तवा ती किती वर्षांची?’’ मी म्हटलं, तेवढीच की, लगेच तर लागतं. ‘‘मग पोलीस यायला पायजे होते!’’ वर्ग फुटला. आणि मी, इतका वेळ विचार करा, प्रश्न विचारा म्हणून कानीकपाळी ओरडणारा, म्हणालो, ‘‘विषयाला धरून बोला.’’

विषयाला धरून तेच बोलत होते. विषय सोडून मी चाललो होतो.

आणखी एकीनं हळूच सांगून पाहिलं की, कांचनभट पोरीचे पैसे घेतो, आमच्यात तर पोरीच्या बापालाच द्यावे लागतात. मी मान हलवली आणि आभाराकडं वळलो. कांचनभटाला मी ‘लोभी बाप’ असा शिक्का मारून मोकळा झालो होतो. हुंड्यापायी कर्ज काढणारा बाप त्या शिक्क्यात बसत नव्हता.

हे उलगडलं ते चहाच्या वेळी. एका शिक्षकांनी आवाज न चढवता सांगितलं. पोरगी जितकी मोठी, जितकी शिकलेली, तितका तोलामोलाचा नवरा शोधा आणि तितका हुंडा वाढवा. ऊसतोडीला जाणाऱ्यांचं आणखी वेगळं. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. आईबाप कारखान्यावर गेले की वयात आलेली पोरगी मागं कुणाच्या भरवशावर ठेवायची? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. बीड-परभणीत तर हा आकडा चाळिशीच्या पुढं. मिटलेला प्रश्न!

घरी येऊन ‘शारदा’ पहिल्या पानापासून वाचली. कबूल करायला लाज वाटते, पण पदं पाठ असूनही पूर्ण संहिता मी त्याआधी सलग वाचलेली नव्हती. वाचल्यावर कळलं की देवलांचं भांडण म्हाताऱ्यांशी आहे आणि पोरी विकणाऱ्यांशी आहे. एवढ्या लहान वयात लग्नच का, हा त्यांचा प्रश्न नाही. तो कसा असेल? नाटकाच्या आठच वर्षं आधी, १८९१ ला, संमतिवयाची मर्यादा दहावरून बारावर नेली तर केवढा गदारोळ उठला होता, टिळकच विरोधात उभे होते. त्या काळी शारदेच्या वयाची बिनलग्नाची पोरगी हीच घरच्यांना काळजी. देवलांनी त्या चौकटीत जेवढं खणलं ते थोडं नाही. पण मी त्यांच्या तोंडी आजचा कायदा घालून पोरांना फसवत होतो. गंमत म्हणजे ज्या कायद्याचं श्रेय मी नाटकाला देत फिरत होतो, त्यातही मुलीची मर्यादा चौदाचीच होती. शारदेला चौदा पूर्ण असती, तर भुजंगनाथाला सारडांचा कायदाही आडवा आला नसता. अठराची अट १९७८ ला आली.

आता आम्ही कार्यक्रमाचा साचा बदलला आहे. भुजंगनाथाला विनोदी करत नाही, साधा, पैसेवाला, नीट बोलणारा माणूस करतो. हसू कमी येतं. लग्नाच्या प्रवेशाला थांबतो आणि पोरांना विचारतो, गोत्राचं कारण काढून घेतलं, आता हे लग्न थांबवा. मग वर्ग पेटतो. हेल्पलाइनला, १०९८ ला फोन करू. ग्रामसेवकाला सांगू, गावात बालविवाह रोखायचं काम त्याच्याकडंच असतं. ग्रामसेवक पंगतीला बसला असेल तर? मामाला सांगू. मामानंच जमवलं असेल तर? उत्तरं भराभर येतात आणि भराभर पडतातही.

सहकारी मात्र खूष नाही. तो म्हणतो, हे नाटक राहिलं नाही, समाजकल्याणचं शिबिर झालं. तू भाषणं कर, देवलांना सोड. त्याचं म्हणणं मला अर्धं पटतं. पदं कमी झाली, आणि चालींची गोडी ऐकल्याशिवाय ही कथा लोकांनी इतकी डोक्यावर का घेतली ते पोरांना कळणारच नाही. शेवटी असं ठरलं की पुढच्या शाळेत पहिला अर्धा तास त्याचा आणि पेटीचा, मग शेवटचा अंक माझा. भुजंगनाथ कुणी करायचा, यावर अजून भांडण चालू आहे.