व्रणांसह उठलेला

येशू कबरेतून नेमका कसा उठला, हे चारही शुभवर्तमानांत कुठेच सांगितलेले नाही. मत्तय, मार्क, लूक आणि योहान हे चौघे मिळून वधस्तंभावरचे तास बारकाईने नोंदवतात. अंधार केव्हा पडला, आंब कशी पाजली, शिपायांनी कपडे कसे वाटून घेतले, सगळे त्यांत आहे. शुक्रवारच्या सायंकाळी अरिमथाईकर योसेफ तो देह खडकात खोदलेल्या कबरेत ठेवतो, तोंडाशी धोंड लोटली जाते आणि कथा जवळजवळ मुकी होते. ती पुन्हा बोलू लागते रविवारी पहाटे, स्त्रिया कबरेकडे निघतात तेव्हा. मधल्या काळाला मानवी साक्षीदार नाही. ज्या घटनेवर ख्रिस्ती श्रद्धा उभी आहे, ती तिच्या खुणांवरूनच कळते: रिकामी कबर, पडलेली तागाची वस्त्रे आणि नंतरच्या भेटी.

या खुणा आधी पाहिल्या त्या स्त्रियांनी. मग्दालीया मरीयेचे नाव चारही वृत्तान्तांत येते. त्या काळच्या यहुदी समाजात स्त्रीच्या साक्षीला पुरुषाच्या साक्षीइतके वजन नव्हते. लूक सांगतो, की स्त्रियांचे बोलणे खुद्द प्रेषितांनाही बाष्कळ वाटले. ही लाजिरवाणी बाब कोणी झाकली नाही, हे या वृत्तान्तांच्या प्रामाणिकपणाचे बळ मानावे लागते. मरीयेला प्रेषितांची प्रेषिता म्हणण्याची परंपरा जुनी आहे, पण रोमन कॅथलिक पंचांगात तिच्या २२ जुलैच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा मिळाला तो २०१६ मध्ये. मार्कचे शुभवर्तमान चारांत सर्वांत जुने मानले जाते. चौथ्या शतकातल्या त्याच्या दोन थोर हस्तलिखितांत शेवट असा आहे, की स्त्रिया थरथरत पळाल्या आणि भीतीमुळे कोणाशी काही बोलल्या नाहीत. आनंदाचा सण म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ईस्टरच्या मुळाशी हा थरकाप आहे. मृत्यू अटळ आहे एवढी एकच खात्री माणसाला असते आणि तीच डळमळली, तर आधी भयच वाटणार.

शुभवर्तमानांच्याही आधीचा लेख पौलाचा. इ.स. ५५ च्या सुमारास करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात त्याने उठलेल्या ख्रिस्ताचे दर्शन झालेल्यांची यादी दिली आहे. त्यात कैफा म्हणजे पेत्र आहे, बारा जण आहेत, पाचशेहून अधिक बंधू आहेत, याकोब आहे आणि सर्वांच्या शेवटी पौल स्वतः आहे. त्याच अध्यायात तो पळवाट ठेवत नाही. ख्रिस्त उठला नसेल तर उपदेश पोकळ, विश्वास पोकळ आणि ख्रिस्ती माणसे सर्वांहून कीव करण्याजोगी, असे तो बजावतो. पुनरुत्थानाला तो मळणीआधी देवाला वाहिलेल्या प्रथमफळाची उपमा देतो. पहिली पेंढी आली याचा अर्थ शेत पिकले आहे. एका माणसाचे उठणे ही साऱ्या पिकाची ग्वाही ठरते.

हे उठणे म्हणजे येशूने मरणातून उठवलेल्या लाजरचे पुन्हा जगणे नव्हे. लाजर परतला तो जुन्याच आयुष्यात, आणि त्याला पुन्हा मरायचेच होते. ही आत्म्याच्या अमरत्वाचीही शिकवण नव्हे. आत्मा अमर आहे असे ऐकले असते तर अथेन्सच्या अरीयपगावरील श्रोते बहुधा माना डोलावत घरी गेले असते. मेलेल्यांचे उठणे ऐकून त्यांतल्या काहींनी पौलाची थट्टा केली. जन्ममरणाच्या फेऱ्यातला पुढचा जन्मही इथे नाही. जो मेला तोच उठला, त्याच देहाने, मात्र मृत्यूचा अंमल ज्यावर उरला नाही अशा रूपात. म्हणूनच योहानाच्या वृत्तान्तात तो बंद दारांआड येऊन उभा राहतो, आणि लूकच्या वृत्तान्तात भाजलेला मासा मागून खातो.

आणि त्या देहावर घाव आहेत. साऱ्या कथेतला हा सर्वांत विलक्षण तपशील. मृत्यूला जिंकलेला देह निर्व्रण असायला हवा होता, असे कोणालाही वाटेल. पण खिळ्यांच्या खुणा आणि कुशीतली भाल्याची जखम तशीच राहते, आणि ओळख पटते तीही तिच्यामुळेच. शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला उत्तर मिळते ते युक्तिवादाने नव्हे. येशू त्याच्यापुढे हात धरतो. शुक्रवार पुसून टाकून रविवार आलेला नाही. जे सोसले ते खरेच सोसले होते. ते आता नव्या जीवनात सामावले आहे. पेत्राचेही तसेच होते. महायाजकाच्या वाड्यात कोळशांच्या विस्तवाशी शेकत त्याने तीनदा गुरूला नाकारले होते. योहानाच्या अखेरच्या अध्यायात तिबिर्याच्या सरोवराकाठी पुन्हा कोळशांचा विस्तव आहे, त्यावर मासळी आहे, आणि न्याहारीनंतर पेत्राला तीनदाच प्रेमाचा प्रश्न विचारला जातो. नाकारण्याचा उल्लेखही होत नाही. पण प्रश्नांची संख्या पेत्राला कळते, आणि तो दुःखी होतो. क्षमा इथे स्मृतीला ओलांडून जात नाही, तिच्यातूनच वाट काढते.

पूर्वेकडील चर्चने हा अर्थ चित्रांत फार खोलवर उतरवला. तिथल्या पारंपरिक प्रतिमेत ख्रिस्त कबरेतून वर येत नाही, तो खाली मृतलोकात उतरलेला असतो. इस्तंबूलच्या खोरा चर्चमधल्या चौदाव्या शतकातील भित्तिचित्रात पाताळाची दारे मोडून पडली आहेत, कुलपे आणि किल्ल्या विखुरल्या आहेत, आणि शुभ्र वस्त्रांतला ख्रिस्त एका हाताने आदामाला, दुसऱ्याने हव्वेला थडग्यांतून खेचतो आहे. त्याने त्यांची मनगटे धरली आहेत. वर येण्याचे बळ त्यांच्या पकडीत नाही, त्याच्या पकडीत आहे. एकटा उठणारा ख्रिस्त या चित्रकारांच्या कल्पनेत बसतच नाही.

उपासनेत हा अर्थ एका रात्रीत उलगडतो. पवित्र शनिवारच्या रात्री दिवे मालवतात, नवा अग्नी पेटवतात आणि त्यावर पास्काची मोठी मेणबत्ती लावतात. अंधाऱ्या चर्चमध्ये ती ज्योत हातोहात पसरते. मग वाचने होतात ती जगाच्या निर्मितीपासूनची. तांबड्या समुद्रातून झालेली इस्राएलची सुटका त्यांत येतेच. त्याच रात्री नव्यांचा बाप्तिस्मा होतो. इ.स. ३८७ च्या ईस्टरला मिलान येथे संत ऑगस्टीनने बिशप अँब्रोझ यांच्या हातून बाप्तिस्मा घेतला. पाण्यात जाणे म्हणजे ख्रिस्ताबरोबर पुरले जाणे आणि बाहेर येणे म्हणजे त्याच्याबरोबर उठणे, ही पौलाची शिकवण. सणाची तारीख चंद्रावर ठरते: २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार. त्यामुळे पाश्चात्त्य पंचांगात ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान येतो. बहुतेक ऑर्थोडॉक्स चर्च जुने ज्युलियन पंचांग धरून गणित करतात, म्हणून त्यांचा सण अनेकदा नंतर पडतो.

मराठीत ही कथा गाण्याच्या वाटेने रुजली. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेल्या नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताची भक्ती अभंगाच्या चालीवर आणली. त्यांनी आरंभलेले 'ख्रिस्तायन' हे काव्य १९१९ मध्ये त्यांच्या निधनाने अपुरे राहिले, आणि पुढचा बहुतांश भाग त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी लिहिला. ज्या कथेची पहिली साक्ष स्त्रियांची, ती मराठीत पुढे नेण्याचे काम एका स्त्रीने करावे, हे समर्पकच झाले.

ईस्टरचा काळ पेंटेकॉस्टपर्यंत पन्नास दिवस चालतो. त्याचा अर्थ मात्र वर्षभर लागतो, विशेषतः दफनाच्या वेळी. अंत्यविधीत पास्काची मेणबत्ती शवपेटीजवळ लावली जाते. अँग्लिकन परंपरेतल्या १६६२ च्या प्रार्थनापुस्तकाने दफनविधीसाठी नेमलेले वाचन म्हणजे करिंथकरांच्या पत्रातला तोच पंधरावा अध्याय. प्रेषितांच्या मतांगीकारात ख्रिस्ती माणूस देहाच्या पुनरुत्थानावर विश्वास व्यक्त करतो, तो याच देहाच्या, जो आता मातीत ठेवला जात आहे.