मोहाच्या दिवसांतला हजेरीपट

ताप उतरला, तरी अंगात कणकण आहे. पोंभुर्ण्यातलं चैत्राचं ऊन आताच सोसवत नाही. उशाशी शोधप्रबंधासाठी उतरवून घेतलेला शाळेचा हजेरीपट पडलाय. मोहफुलं गळू लागली की त्यात गैरहजेरीच्या खुणा वाढतात. एकदा पहाटे आईसोबत मोह वेचून आलेली एक मुलगी उशिरा वर्गात शिरली. बोटांना तो चिकट, गोड वास. कुठलं झाड आधी गळतं, हे तिनं घडाघडा सांगितलं. धडा वाचताना मात्र अडखळली. २००५पासून ‘असर’ या शिक्षण-सर्वेक्षणाचे स्वयंसेवक घरोघरी मुलांचं वाचन तपासतात, ते हवंच. २०११मध्ये शेजारच्या गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ झालं, तेव्हा वाटलं होतं, आता इथले प्रश्न इथूनच विचारले जातील. पण त्या मुलीचं झाडांचं ज्ञान माझ्या प्रश्नावलीत कुठं मांडू? मार्गदर्शकांना विचारायचंय. मोहाच्या हंगामात शाळेची वेळ बदलली तर, हेही.