वस्तादांच्या खुर्च्या

माझ्या लहानपणी आमच्या उमरगा तालुक्यात हॉटेल म्हणजे एसटी थांब्याजवळचं पत्र्याचं शेड, दोन बाकडी, कढईतली भजी आणि गोडमिट्ट चहा. आमच्या गावच्या हॉटेलातली बाकडी माझ्या वडिलांनी केलेली. दादा गावचे सुतार. बाभळीच्या जाड फळ्या, चार पाय, वरून रंधा मारला न मारल्यासारखा. त्याचे पैसे दादांना मिळाले नाहीत, वर्षभर चहा मिळाला. कुळव, तिफण, बैलगाडी यांचंही तसंच. खळं झालं की ज्वारी घरी यायची. कोण कुणाचं किती देणं लागतो हे कुणी वहीत मांडत नव्हतं, पण विसरतही नव्हतं.

त्या बाकड्यांवर गावातली सगळी माणसं मात्र बसत नसत. काहींचे कप शेडच्या बाहेर वेगळे ठेवलेले असायचे. त्यांनी चहा उकिडवं बसून प्यायचा आणि कप आपला आपण विसळून ठेवायचा. बाकडं दादांनी केलेलं, पण त्यावर कुणी बसायचं हे दादांच्या हातात नव्हतं. हे मला तेव्हा खटकलं होतं असं म्हणणार नाही. ते तसंच असतं, एवढंच ठाऊक होतं.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे भूकंप झाला. लातूर आणि आमचा तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा मिळून सुमारे १० हजार माणसं गेली. किल्लारीचं नाव जगाला कळलं. सास्तूरसारखी आमच्याकडची गावंही तशीच जमीनदोस्त झाली. त्यावर पुष्कळ लिहून झालंय. सुतार म्हणून एक गोष्ट माझ्या डोळ्यांत राहिली: दगडमातीच्या रुंद भिंती कोसळल्या, तिथंही काही माळवदांचे लाकडी खांब आणि तुळया आपापल्या सांध्यांत उभ्या होत्या. पुढं आमच्याकडची नवी घरं सिमेंटची झाली, दारांच्या चौकटी लोखंडी आल्या. दादांच्या हाताला काम उरलं नाही. १९९४ साली मी सोलापूरहून रात्रीच्या गाडीनं मुंबईला गेलो. खिशात नळदुर्गच्या एका माणसाचा पत्ता होता.

तो माणूस म्हणजे वस्ताद. नाव लिहू नये असं त्यांच्या लेकीचं म्हणणं आहे, आणि दोन टाकीच्या त्या गल्लीत त्यांना नावानं ओळखत तरी कोण होतं? पोलीस ॲक्शनच्या वर्षी, म्हणजे १९४८ साली, ते पोरवयात नळदुर्गहून हैदराबादला गेले. त्या वर्षाबद्दल ते कधी बोलले नाहीत आणि मी विचारलं नाही. हैदराबादेत एका इराण्याकडं कपबशा धुतल्या, मग तिथंच खुर्च्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली लागले आणि त्याच्याच मागं मुंबईला आले. त्यांचं बोलणं अर्धं आमच्याकडचं मराठी, अर्धं दखनी. मला ‘लेकरा’ म्हणायचे आणि चुकलो की ‘नक्को, नक्को’.

कारखाना म्हणजे एक खोली आणि वर माळा. माळ्यावर मी झोपायचो. खाली इराणी हॉटेलांच्या मोडक्या खुर्च्या यायच्या: गोल बैठक, पाठीला वाकवलेल्या लाकडाची दुहेरी कमान, वजनाला हलक्या. वस्ताद त्यांना नुसतं ‘वाकडी’ म्हणत. त्यांचं कूळ मला पुष्कळ वर्षांनी एका आर्किटेक्ट मुलीकडून कळलं. व्हिएन्नाच्या मिखाएल थोनेट यांच्या कारखान्यानं १८५९ साली १४ नंबरची खुर्ची काढली. बीच लाकडाचे दांडे वाफेवर मऊ करून लोखंडी साच्यात वाकवायचे. ६ लाकडी भाग, १० स्क्रू, २ नट, झाली खुर्ची. भाग सुटे ठेवले की एक घनमीटरच्या पेटीत ३६ खुर्च्या मावत, म्हणून त्या बोटीतून जगभर गेल्या. मुंबईच्या इराण्यांकडच्या खुर्च्या त्याच घडणीच्या. वस्तादांना व्हिएन्ना ठाऊक नव्हतं. त्यांना एवढं ठाऊक होतं की या खुर्चीला खिळा मारला की ती मेली. स्क्रू ढिला झाला की हॉटेलातला पोऱ्या हातोडी घेतो, खिळा ठोकतो आणि लाकूड उभं चिरतं. खिळा काढून, चीर सरसानं भरून पुन्हा स्क्रू बसवणं हे आमचं निम्मं काम. उरलेलं निम्मं वेताचं: वेत भिजत घालायचा, आणि उभे-आडवे-तिरपे पदर घेत जाळी विणायची.

शुक्रवारी कारखाना बंद. नमाज झाली की वस्ताद मला हॉटेलं दाखवायला न्यायचे. खायला नाही, दाखवायला. खाणं ओघानं व्हायचं.

पहिल्यांदा नेलं ते धोबीतलावच्या कयानीत. १९०४ सालचं हॉटेल. दारातच माझे पाय अडखळले. समोर संगमरवरी टेबलं, भिंतीवर मोठे आरसे, त्यांत भुश्शानं माखलेला मीच. आता कुणीतरी म्हणणार, बाहेर थांब. कुणी काही म्हणालं नाही. आमच्याच टेबलावर एक काळ्या कोटातला वकील येऊन बसला, पाव चहात बुडवून खाल्ला आणि गेला. ब्रून मस्का मी प्रथम तिथं खाल्ला. वरून कडक, आतून मऊ, लोण्यानं माखलेला. चहात बुडवला की आमच्याकडच्या कडक भाकरीचा तुकडा आमटीत नरम व्हावा तसा होतो. वस्ताद म्हणाले, ‘‘चहा हैदराबादेचा. इथला नुसता उकळलेला.’’ तिकडं चहाचं पाणी दमावर वेगळं ठेवतात आणि आटीव दूध वरून घालतात. या बाबतीत ते शेवटपर्यंत हैदराबादीच राहिले.

मग खुर्चीवर हात ठेवून शिकवणी सुरू. बैठक १८ इंचांवर, टेबल ३० इंचांवर. ‘‘मधल्या बारा इंचांत माणसाची मांडी आणि माणसाची इज्जत दोन्ही मावली पाहिजे.’’ टेबल उंच झालं तर हातानं जेवणारा कोपर वर काढून जेवतो आणि शेजाऱ्याला लागतो. बुटकं झालं तर मान खाली घालून जेवतो. संगमरवर का? रस्सा मुरत नाही, एका ओल्या फडक्यात साफ होतो, म्हणून आधीच्या गिऱ्हाइकाची खूण पुढच्याला दिसत नाही. आरसे का? जागा मोठी दिसते हे खरं, पण गल्ल्यावरच्या शेटला उठल्याशिवाय सगळी टेबलं दिसतात हे त्याहून खरं. खुर्ची हलकी का? रात्री ती टेबलावर उलटी टाकून एकटा पोऱ्या अख्खी फरशी धुतो. आणि बहुतेक इराणी हॉटेलं कोपऱ्यावर का? हिंदू दुकानदार कोपऱ्याची जागा अशुभ मानून घेत नसत, ती इराण्यांना स्वस्तात मिळाली, असं सांगतात. वस्तादांचं बघणं वेगळं होतं: कोपरा म्हणजे दोन रस्त्यांना दारं, दोन्हीकडून वारा, आणि काही झालं तर निसटायला दोन वाटा.

पुढं ग्रँट रोड स्टेशनसमोरचं मेरवान पाहिलं, १९१४ सालचं. तिथला मावा केक सकाळीच संपायचा. बॅलार्ड इस्टेटमधलं १९२३ सालचं ब्रिटानिया पाहिलं. तिथला बेरी पुलाव इराणातून येणाऱ्या आंबट बेरींचा, आणि आमच्या खिशाला जड. वस्तादांनी एक ताट मागवून दोघांत घेतलं आणि वेटरनं दुसरी रिकामी ताटली न मागता आणून ठेवली. माटुंग्याला रामा नायक यांचं १९४२ सालचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग. तिथं आरसे नाहीत, कमानी नाहीत. केळीचं पान, सांबार, रसम आणि उठेपर्यंत वाढणारे हात. दादरला प्रकाशमध्ये साबुदाणा वडा आणि पियूष, आस्वादची मिसळ. मराठी हॉटेलांची टेबलं छोटी, खुर्च्या अवघडलेल्या, आणि आपलं खाणं संपायच्या आत खुर्चीमागं पुढचा माणूस उभा. स्वाद उत्तम, बसणं वाईट. हे माझं मत आहे, आणि दादरकरांनी रागावावं. आपल्या लोकांनी तोंडात काय पडतं याचा जेवढा विचार केला, तेवढा पाठीचा आणि कोपराचा केला नाही. कुलाब्याच्या माँडेगारमध्ये मारिओ मिरांडांनी भिंतीभर काढलेली माणसं पाहून वस्ताद एकटेच हसत राहिले. म्हणाले, ‘‘हे बघ, इथं गिऱ्हाईक नसलं तरी हॉटेल भरलेलं.’’

त्या वर्षांत इराणी हॉटेलं एकेक करून बंद पडत होती. एका मालकाकडं वस्तादांची मजुरी थकली होती. हॉटेल विकताना त्यानं पैशाऐवजी खुर्च्या दिल्या. चोरबाजारातले व्यापारी मागं लागले, पण वस्तादांनी त्या विकल्या नाहीत. माळ्यावर, माझ्या उशाशी, एकात एक अडकवून ठेवल्या. नळदुर्गला किल्ल्याच्या बाजूला चहाचं हॉटेल काढायचं, या खुर्च्या टाकायच्या, हैदराबादी चहा आणि उस्मानिया बिस्किट ठेवायचं, असं त्यांच्या मनात होतं. सोलापूर-हैदराबाद रस्ता गावातून जातो, गिऱ्हाइकाला तोटा नव्हता.

पुढं दादांचं पोटाचं ऑपरेशन सोलापुरात ठरलं. पैसे मी कुणाकडंच मागितले नाहीत, कारण मागण्याजोगं कुणी नव्हतं. संध्याकाळी माळ्यावर चढलो तर उशाशी जागा मोकळी. वस्तादांनी खुर्च्या शूटिंगला सामान पुरवणाऱ्या एका माणसाला देऊन टाकल्या होत्या. पैसे वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात ठेवले. मी काहीतरी बोलू लागलो, तर म्हणाले, ‘‘पैसे परत दे, मी सोडणार नाही. रडू नक्को.’’

पैसे मी फेडले. हप्त्यानं, पण फेडले. दादा त्या दुखण्यातून उठले आणि पुढं कितीतरी वर्षं जगले. खुर्च्या कुठं गेल्या याचा पत्ता लागला नाही. वस्ताद मुंबईतच वारले. नळदुर्गला त्यांना राहायला यायला मिळालं नाही.

मी मुंबईत राहिलो आणि हॉटेलांच्या सजावटीची कामं घेऊ लागलो. गिरण्यांच्या आवारात नवी उपाहारगृहं निघाली, तेव्हाची एक गंमत सांगतो. नवंकोरं सागवान आणायचं, त्याला साखळीनं ठोकायचं, काचपेपरनं कडा झिजवायच्या, चहाच्या पाण्यानं डाग पाडायचे. म्हणजे ते जुनं दिसतं आणि गिऱ्हाईक खूश होतं. तिकडं खरी जुनी टेबलं भंगाराच्या भावानं चालली होती. २०१० साली लंडनमध्ये मुंबईच्या इराणी हॉटेलांच्या धर्तीवर डिशूम नावाचं उपाहारगृह निघालं आणि त्याच्या दारात रांगा लागल्या. मला त्याचा राग नाही. निदान कुणाला तरी त्या आरशांची किंमत कळली.

राग आला तो २०१७ साली. २८ डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागली, १४ जण गेले. ताडपत्री, बांबू, पडदे: दिसायला देखणं, पेटायला सोपं. तेव्हा कोपऱ्यावरच्या जुन्या हॉटेलांची दोन दारं आठवली. सजावट म्हणजे आधी बाहेर पडायची वाट, मग बसायची जागा आणि त्यानंतर भिंतीचा रंग. हा क्रम वस्तादांनी मला न लिहिता-वाचता शिकवला होता.

आता मी गावाकडंच असतो. तुळजापूर, धाराशिव, येडशी या पट्ट्यात रस्ता चौपदरी झाला, हॉटेलं वाढली. मालक मोबाइलवर फोटो दाखवतात: लोंबते दिवे, विटांच्या चित्राचा कागद, गुबगुबीत सोफे. ‘मुंबईसारखं करा.’ मी विचारतो, तुमच्याकडं विकतं काय? उस्मानाबादी शेळीचं मटण आणि ज्वारीची भाकरी. मग सोफा कशाला? रस्सा भाकरीत कुस्करायला माणसाला ताठ बसावं लागतं; सोफ्यात रुतलेला माणूस रस्सा शर्टावर घेतो. नवरात्रात तुळजापूरला लोक मैलोन्‌मैल चालत येतात, पाय सुजलेले असतात. त्यांना पाय वर घेऊन टेकता येईल असं रुंद बाकडं द्या. काही मालक ऐकतात, काही दुसरा सुतार बघतात. एक अट मात्र मी सोडत नाही: ड्रायव्हर-क्लीनरसाठी मागं वेगळं, हलकं फर्निचर करून देत नाही. सगळ्या हॉलला एकच बाकडं.

वस्तादांची लेक नळदुर्गला हायवेवर चहाचं हॉटेल चालवते. चहा बापाच्या हातचा, दमावरचा. खुर्च्या प्लॅस्टिकच्या. त्या बदलायचं मी मनावर घेतलंय. जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर, बंद पडलेल्या क्लबांत, वकिलांच्या जुन्या ऑफिसांत अशा वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या अजून पडून असतात. तुमच्याकडं असली तर भंगारात घालू नका, मला द्या. योग्य किंमत देईन, किंवा नळदुर्गला वर्षभर चहा. पाय मोडलेला चालेल, बैठक फाटलेली चालेल, वेत मी विणीन. फक्त खिळे मारलेले असतील तर तेवढं आधी सांगा.