अल्पायुषी निरोप्या

वर्गांत वायूंविषयीं बोलतांना विद्यार्थी आम्हांस नेहमीं विचारतात कीं, अमुक वायु चांगला कीं वाईट? नायट्रिक ऑक्साइडपुढें हा प्रश्न थिटा पडतो.

मोटारींच्या धुरांतील हा वायु विषारी खरा. परंतु आपल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरांतील पेशी तोच वायु अत्यल्प प्रमाणांत तयार करितात. त्याचा रेणु इतका लहान कीं, पेशींचीं आवरणें सहज ओलांडून तो शेजारच्या स्नायुपेशींत शिरतो. तेथें तो एका विकरास जागृत करितो. त्या विकरानें निर्मिलेल्या द्रव्यामुळें स्नायु सैल पडतो, वाहिनी रुंदावते व रक्तास वाट मिळते. कांहीं सेकंदांतच तो वायु नाहींसा होतो, म्हणूनच वाहिनीस पुन्हां पूर्ववत् होतां येतें.

१९८० सालीं रॉबर्ट फर्चगॉट यांनीं दाखविलें कीं, अस्तर खरवडलेली वाहिनी ॲसिटिलकोलीन या द्रव्यानें सैल पडत नाहीं. अर्थात् अस्तराकडूनच कांहीं निरोप जात असला पाहिजे. तो निरोप्या हा वायुच, हें अनुमान १९८६ सालीं पुढें आलें. १९९८ सालीं फर्चगॉट, इग्नॅरो व मुराद यांस नोबेल पारितोषिक मिळालें.

आमच्या वडिलांस छातींत कळ आली म्हणजे ते जिभेखालीं नायट्रोग्लिसरिनची गोळी ठेवीत. डायनामाइटमध्यें असतें तेंच हें द्रव्य! शरीरांत त्यापासून हाच वायु सुटतो. कळ ओसरेपर्यंत घरांत कोणी बोलत नसे.

म्हणून, विद्यार्थिमित्रहो, पदार्थास बरा-वाईट म्हणण्यापूर्वीं तो कोठें आहे, किती आहे व किती वेळ टिकतो, हें आधीं विचारावें.