फळचोराच्या पाऊलखुणा

अमेरिकेच्या वायोमिंग राज्यातील कोडी गावाहून पॉवेलकडे निघाले की डाव्या हातास हार्ट माउंटनचा एकाकी डोंगर दिसू लागतो. सुमारे ४० किलोमीटरवर पॉवेल लागते. पुढे पाटाच्या पाण्यावरील शेते संपतात आणि क्लार्क्स फोर्क नदीच्या खोऱ्यातील उजाड मुलूख सुरू होतो. लाल-करड्या पट्ट्यांच्या टेकड्या, सेजची खुरटी झुडपे आणि अखंड वारा. सावलीपुरतेही झाड नाही.

अशा ठिकाणी वृक्षवासी प्राण्याचे अवशेष मिळावेत, हे नवलच! परंतु सुमारे ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी येथे उबदार हवा होती, अरण्य होते, पाण्यात मगरीच्या कुळातील प्राणी होते. फांद्यांवर वावरत होता कार्पोलेस्टीस. या ग्रीक नावाचा अर्थ ‘फळचोर’. वजन सुमारे १०० ग्रॅम, म्हणजे आपल्या अंगणातील खारीएवढे.

पूर्वी हा प्राणी मुख्यतः दात व जबड्यांवरूनच ठाऊक होता. येथील गोड्या पाण्यात बनलेली चुनखडी सौम्य आम्लात विरघळवून संशोधकांनी त्याची नाजूक हाडे मोकळी केली. जोनाथन ब्लॉक व डग बॉयर यांनी २००२ साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा सर्वांचे लक्ष पायाच्या अंगठ्याने वेधून घेतले.

खार झाडावर चढते ती अणकुचीदार नख्या सालीत रोवून. फळचोराच्या इतर बोटांनाही नख्याच होत्या. परंतु पायाच्या अंगठ्याचे शेवटचे पेर रुंद व चपटे होते. त्यावर नखी नव्हती, आपल्यासारखे नख होते. अंगठ्याच्या मुळाशी खोगिराच्या आकाराचा सांधा असल्यामुळे तो इतर बोटांसमोर येई. हाताची बोटेही लांब होती. बारीक डहाळी मुठीत धरून टोकाचे फळ गाठण्यास अशीच रचना हवी.

यात एका जुन्या वादाचे मर्म आहे. वानरकुळात पकड, उडी आणि समोर पाहणारे डोळे यांपैकी आधी काय आले? फळचोराचे डोळे बाजूंना होते आणि त्याची हाडे उड्या मारणाऱ्या प्राण्याची नव्हती. पकड मात्र होती. म्हणजे पकड आधी आली, असे या दोघांचे म्हणणे. हे साम्य स्वतंत्रपणे उद्भवले असावे, अशी शंका काही अभ्यासक घेतात. वाद मिटलेला नाही.

परतताना मी सेजची एक काटकी मोडून घेतली. तिचा उग्र वास रात्रीपर्यंत बोटांना येत होता. मुक्कामी बूट काढले आणि स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे पाहत राहिलो. चालण्याच्या सोयीसाठी तो केव्हाच इतर बोटांच्या रांगेत जाऊन बसला आहे. फांदी धरणे तो विसरला, पण त्यावरील चपटे नख मात्र अजून तसेच आहे.